ठसका आला नाही

इंदिरा नगर, लखनौ
३ मार्च २०२५

अक्का,

नमस्कार आधी घे, बाकीचं नंतर. मिरचीचं बी पोचलं. पाकीट फुटलेलं नव्हतं, पण एका कडेचा डिंक मला नवा वाटला. हृषी म्हणतो, "आई, तुझं पत्र कोण वाचणारे? पोस्टमनला मराठी येतं का?" पोस्टमनला नाही येत. पण हृषीला येतं ना. म्हणून सांगते, यापुढे चारी बाजूंनी डिंक लावत जा.

फोन असताना पत्रं कशाला, असं तू विचारलंस. अगं, डावा कान गेलाच, उजवा अर्धा उरलाय. फोन स्पीकरवर टाकावा लागतो. मी इकडे 'हॅलो अक्का' म्हटलं की स्वयंपाकघरातून संपदा ऐकणार, हॉलमधून हृषी ऐकणार. लेक-सून म्हणून चांगले आहेत दोघं, पण ह्या सहाव्या मजल्यावर माझं एकटीचं असं एक कपाट आणि हा कागद, एवढंच आहे.

बावीस बिया निघाल्या. ओल्या फडक्यात बांधून टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर ठेवल्या, तिथे ऊब असते. सोळा उगवल्या. हृषी हसला. एवढा औषधी वनस्पतींचा सायंटिस्ट, पण घरच्या कुंडीला तांब्याभर पाणी घालणार नाही. शेवटी रंगाचे रिकामे डबे मी वॉचमनकडून मागून आणले, त्यांना खालून भोकं पाडली. अबोली डब्यांशी बसून असते. "दादी, बेबी मिर्ची सो रही है?" मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र हिंदीतच.

समोरच्या दारातल्या निगम बहनजींनी बाल्कनीत खुर्ची कुठे ठेवायची, डबे कुठे, ते सगळं ठरवून दिलं. शाळेत हिंदी शिकवायच्या, आता रिटायर. मिस्टर गेले, मूलबाळ नाही. वर्गात बोलल्यासारख्या मोठ्याने बोलतात, त्यामुळे मला कानाचं मशीन न लावता ऐकू येतं. अख्ख्या लखनौत एवढी एकच बाई मला पूर्ण ऐकू येते. त्यांचं दार दिवसभर उघडं, आमचंही. अबोलीची एक चप्पल इकडे असते, एक तिकडे. त्यांना ती निगम नानी म्हणते.

आई गेली तेव्हा पाटल्या मला आल्या आणि मिरचीचं बियाणं तुला. तुला म्हणून सांगते, मला तेव्हाच वाटलं होतं की मोठा वाटा तूच नेलास. आता अकरा वर्षांनी माझ्या बाल्कनीत आईची मिरची उगवलीय. सारखी जाऊन बघते.

विनू

*

गडहिंग्लज
१४ मार्च

विनू,

आशीर्वाद. डिंक चारी बाजूंनी लावलाय, आता फोडताना पत्र फाडू नकोस.

चार पानं फुटली की रोपं वेगळी कर. एका डब्यात एकच. पाणी बेतानं. लाड करून रोज पाणी घातलंस तर नुसती पानं वाढतील. मिरचीला जरा तहान लागू द्यायची, तेव्हा ती रागावते आणि तिखट होते. पानं गोळा होऊन वाकडी झाली तर तो बोकड्या. ते रोप उपटून खाली टाकायचं, दया करायची नाही.

आणि एक नीट ऐक. यंदाच्या लाल होतील त्या सगळ्या बियाणाला ठेव. एकही खायची नाही. चाखायलासुद्धा मोडायची नाही. आईचं बी आहे ते, आधी वाढवायचं, मग खायचं. पुढच्या वर्षी हवी तेवढी चटणी कर. तसंही तुला डॉक्टरांनी तिखट बंद केलंय की.

ही निगम कोण बाई? दिवसभर दार उघडं टाकून बसायला तिला काही काम नाही का?

अक्का

*

लखनौ
२२ मे

अक्का,

सोळातली अकरा राहिली. दोन बोकड्यानं गेली, दोन माकडांनी उपटून नुसती टाकली, खाल्लीसुद्धा नाहीत. एक अबोलीने 'सुलाया'. म्हणजे उशीखाली.

आता जे लिहिते ते वाचून फाड.

गेल्या सोमवारी झाडं फुलांनी भरली होती. पांढरी, खाली मान घातलेली, आपल्या परड्यातल्यासारखी. निगम बहनजी आल्या, कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अरे वाह दीदी, इतने फूल! हमने तो किसी घर में नहीं देखे।" बुधवारी सकाळी फरशीवर फुलांचा सडा. एकेका झाडावर दोन-तीन राहिली.

म्हटलं, असेल. बाहेर लू चालू आहे, दुपारी हात बाहेर काढला तर भाजतो. पण मग आठवलं. होळीला त्या अबोलीच्या केसांवरून हात फिरवून म्हणाल्या होत्या, "कैसे घुँघराले बाल हैं, नज़र न लगे।" त्याच रात्री पोरीला ताप. एप्रिलमध्ये म्हणाल्या, "अब तो ख़ूब खाने लगी है।" त्यानंतर आठ दिवस पोरीने भाताला तोंड लावलं नाही.

मी बी.कॉम. आहे, अक्का. एअर फोर्स स्टेशनांवर तीस वर्षं संसार केला, बारा प्रांतांच्या बायकांत राहिले, असलं काही कधी मनात आणलं नाही. पण मी मागचं कॅलेंडर काढून बसले आणि तारखा जुळतात गं.

विनू

*

गडहिंग्लज
२ जून

विनू,

फुलं उन्हानं गळाली. चाळीसच्या वर पारा गेला की मिरची फूल टाकतेच. दुपारी जुनी साडी आडवी बांध. आणि सहाव्या मजल्यावर मधमाशी येत नसणार, तेव्हा सकाळी झाडाला बोटानं टिचक्या मार. फुलातली पूड हलली की मिरची धरते.

बाकीचं वाचलं. माझ्या मते काही नसावं. पण तू म्हणतेस तारखा जुळतात, तर सावध राहिलेलं बरं. आपलं लेकरू आहे. मुंग्या गुळाची ढेप सोडून जात नाहीत तशी एकेक बाई असते, दुसऱ्याच्या घरातून हलत नाही.

मिरच्या मोडून बघितल्या नाहीस ना?

अक्का

*

लखनौ
३० ऑगस्ट

अक्का,

तुझ्या टिचक्या लागू पडल्या. चौतीस लाल मिरच्या निघाल्या. लांब, बारीक, आईच्या मिरचीपेक्षा जरा जास्तच सुरकुतलेल्या वाटल्या. इथली हवा असेल. दोऱ्यात ओवून खिडकीत टांगल्यात. एक मोडली नाही. म्हणजे मी मोडली नाही.

मधलं सांगते. जूनमध्ये बहनजींच्या भावाने मलिहाबादहून दशहरीची पेटी पाठवली, त्यातले डझनभर आंबे त्यांनी अबोलीसाठी दिले. मी ते वॉचमनला दिले. संपदाला सांगितलं, आतून खराब निघाले. अबोली अख्खी संध्याकाळ 'नानी का आम' म्हणून रडली.

जुलैपासून पोरगी दर पंधरा दिवसांनी तापते. डॉक्टर म्हणतात, टॉन्सिल्स आहेत, सीझन आहे. हृषी म्हणतो, डॉक्टर म्हणतात ना.

परवा दोघं ऑफिसला गेल्यावर मी दृष्ट काढली. बाजारच्या मिरचीवर माझा भरवसा नाही, त्या रंगवलेल्या असतात, आणि संपदा तर पाकिटातली पूडच आणते. म्हटलं, आईची मिरची खोटं बोलणार नाही. माळेतल्या पाच काढल्या. मीठ, मोहरी. पोरीवरून उतरवलं आणि तव्यावर टाकलं. चिमणी बंद, खिडकी बंद, तोंडाला पदर.

अक्का, ठसका आला नाही.

आई दृष्ट काढायची तेव्हा आपण अंगणात पळायचो, तीन घरं सोडून माणसं खोकायची. ठसका आला तर आई म्हणायची, काही नाही, पोर ठीक आहे. आणि नाही आला तर गप्प व्हायची. मला ते गप्प होणं आठवलं. मिरच्या काळ्या पडल्या, तव्याला चिकटल्या, धूर वर गेला, आणि माझ्या घशात काही म्हणजे काही नाही. अबोली टाळ्या वाजवत होती.

आता ऐक. त्याच संध्याकाळी बहनजी आल्या. माळेतली एक मिरची तोडली, मला न विचारता, आणि कचाकचा खाल्ली. काकडी खावी तशी. डोळ्यांत पाणी नाही, नाक ओलं नाही. माझ्याकडे बघून म्हणतात, "दीदी, यह तो तीखी है ही नहीं।"

आईची मिरची! जिच्या एका तुकड्याने तुझ्या यजमानांना लग्नाच्या पंगतीतून उठावं लागलं होतं! ही बाई ती खाते आणि हसते. कसली बाई असेल ही?

काय करू ते लगेच लिही. मला झोप नाही.

विनू

*

[पोस्टकार्ड]

गडहिंग्लज
९ सप्टेंबर

पत्र मिळालं. काळजी करू नये. दृष्ट काढत राहा. डॉक्टरांचं औषध चालू ठेव. मिरच्या आणखी कुणाला खायला देऊ नकोस. इकडे पाऊस. माझा गुडघा दुखतो, म्हणून थोडक्यात.

अक्का

*

लखनौ
२० सप्टेंबर

अक्का,

एवढं सगळं लिहिलं आणि तू कार्ड पाठवलंस, उघडं. खालच्या पेटीपासून वरपर्यंत हृषीच घेऊन आला. हातात देताना काही बोलला नाही. म्हणजे वाचलं.

तू म्हणालीस म्हणून आणखी तीनदा काढली. प्रत्येक वेळी पाच मिरच्या, आणि एकदाही ठसका नाही. तव्याला डाग पडलेत ते निघत नाहीत. तवा गॅसच्या मागे उभा करून ठेवलाय.

मग मी दार लावलं.

बहनजींना सांगितलं, डॉक्टर म्हणतात इन्फेक्शन आहे, पोरीला कुणात मिसळू देऊ नका. त्या लगेच दोन पावलं मागे झाल्या. "हाँ हाँ दीदी, बिल्कुल। हम दूर से देख लेंगे।" त्या रोज अकरा वाजता बाहेर येऊन उभ्या राहतात. मी आतून दाराच्या भिंगातून बघते. पाच मिनिटं उभ्या राहतात, आमच्या बंद दाराकडे बघून काहीतरी पुटपुटतात आणि आत जातात. काय पुटपुटतात? कान असते तर ऐकलं असतं.

अबोलीने दोन दिवस दारावर थापा मारल्या. आता तिने तिकडची चप्पल मागणंसुद्धा सोडलंय. इकडची एक चप्पल घालून घरभर फिरते.

मी हृषीला म्हटलंय, घर बदलू. चिनहटकडे नव्या सोसायट्या झाल्यात. तो म्हणाला, "का?" मी म्हटलं, बाल्कनीला ऊन नाही. अकरा झाडांना पुरेल एवढं ऊन आहे, हे त्याला दिसतंय. बारा ऑक्टोबरला अबोलीचा तिसरा वाढदिवस. त्यानंतर रविवारी जागा बघायला जायचं ठरलंय. वाढदिवसाला समोरच्या दारात बोलावणार नाही. मी ठरवलंय.

तुला एक विचारते. आई अशा वेळी आणखी काय करायची? तुला माहीत असणार, तू तिच्याजवळ होतीस.

विनू

*

गडहिंग्लज
२९ सप्टेंबर
(स्पीड पोस्टनं पाठवतेय. पोरांसमोर फोनवर हे मला बोलवणार नाही.)

विनू,

हे पत्र तीनदा लिहिलं. दोनदा चुलीत घातलं.

आई अशा वेळी काय करायची ते विचारतेस. आई आधी मिरची जिभेला लावून बघायची. खात्रीची मिरची असली तरच दृष्टीला घ्यायची. तू लहान होतीस, तुला फक्त ठसका आठवतो.

विनू, ती आईची मिरची नाही.

आईचं बी गेलं. दोन हजार एकविसात. पत्र्याचा डबा माळ्यावर होता, पावसात पत्रा गळला, मी त्या वर्षी वर चढून बघितलंच नाही. दिवाळीला उघडला तर आत काळी बुरशी. एक दाणा उगवला नाही. परडं पण मी तेव्हाच गवताला दिलं होतं, तिथे मिरचीचं रोप उरलं नव्हतं. तू दर वर्षी विचारायचीस, 'अक्का, बी धरलंस ना?' आणि मी म्हणायची, धरलं. एकदा म्हटल्यावर मग दर वर्षी तेच म्हणावं लागलं. यंदा तू मागितलंस तेव्हा बाजारातून ब्याडगी म्हणून विकतात ते बी आणलं. नुसत्या रंगाची जात असते ती, तिखट नाही. दिसायला जवळपास तशीच. म्हणून तर तुला सारखं बजावत होते, चाखू नको, मोडू नको.

तू ठसक्याचं लिहिलंस तेव्हाच मला कळलं होतं. तरी मी कार्ड लिहिलं. 'दृष्ट काढत राहा' असं लिहिलं. वाटलं, चार मिरच्या जाळेल, पोरगी बरी होईल आणि विषय संपेल. माझ्या मिरचीपायी तू एका बाईला दाराबाहेर उभी करशील, हे मला दिसलं नाही. दिसायला हवं होतं. गुळाच्या मुंग्यांचं मीच लिहिलं होतं.

त्या बाईनं तुला खरं सांगितलं. पहिल्या घासाला सांगितलं. तुझ्या घरात त्या मिरचीबद्दल खरं बोललेली ती एकटीच.

आता तू माझ्याशी बोलू नकोस पाहिजे तर. पण वाढदिवसाच्या आधी तिचं दार वाजव.

माणिक

*

लखनौ
१७ ऑक्टोबर

अक्का,

तुझ्या पत्राच्या चारी बाजूंना डिंक होता. फोडताना मधली एक ओळ फाटली, पण कळायचं ते कळलं.

बाल्कनीत उभी राहून वाचलं. मग माळेतली एक मिरची तोडली आणि चावली. डॉक्टरांना विचारलं नाही. अक्का, गोड होती गं. भोपळी मिरचीलासुद्धा याहून जरा जास्त झणका असतो. उभ्या उभ्या अख्खी खाल्ली, देठापर्यंत. कधी नव्हे ते मला ठसका हवा होता.

तुझा राग आलाय. तो आहे, अजून आहे. अकरा वर्षं मी पाटल्या घालताना मनात म्हणायचे, खरं ते अक्काकडे आहे. आणि तुझ्याकडे बुरशी होती. पण तुझ्यावर रागवायला बसले की भिंगातून बघणारी मी आठवते. मग राग पुढे सरकत नाही.

दहा तारखेला सकाळी अकराला भिंगातून पाहिलं. बहनजी आल्या नाहीत. अकरा-दहा झाले. त्यांचं दार बंद होतं. मी कानात मशीन घातलं, अबोलीला कडेवर घेतलं आणि बेल वाजवली.

त्यांनी उघडलं तेव्हा हातात सुया आणि लोकर होती. पिवळा स्वेटर, बाह्या राहिल्या होत्या. आधी त्या मागेच सरकल्या. "दीदी, इन्फेक्शन?" मी म्हटलं, गेलं. अबोली माझ्या कडेवरून खाली सरकली आणि आत पळाली, एका चपलेने. दुसरी तिथेच होती, शू-रॅकच्या वरच्या कप्प्यात, पुसून ठेवलेली.

मी म्हटलं, "बहनजी, माफ़ कीजिएगा, दरवाज़ा बंद रखा।" पुढचं सांगायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं, अक्का. पण त्या बोलायला लागल्या, आणि त्या बोलायला लागल्या की मध्ये शिरता येत नाही.

"अरे, आपने तो बता के बंद किया," त्या म्हणाल्या. "बीमारी में कौन नहीं करता। बुरा तब लगता है जब लोग कुछ कहते नहीं। दीदी, हमारे बच्चे नहीं हुए ना, तो जिस घर में बच्चा देखने जाते थे, घंटे भर बाद वहाँ से मिर्च की धाँस आती थी। सगी भाभी के घर से आई। हम सीढ़ी उतर रहे होते थे और ऊपर कोई मिर्च जला रहा होता था। पहले धाँस आती, फिर दरवाज़ा बंद होता। चालीस साल में हर घर से आई।"

धाँस म्हणजे आपला ठसका. आणि मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "एक आपके घर से कभी नहीं आई।"

मशीन कानात होतं. एकेक अक्षर ऐकू आलं.

चार वेळा, अक्का. वीस मिरच्या. दोन दारांमध्ये सहा फुटांचं अंतर.

मी विचारलं, रोज अकरा वाजता उभ्या राहून काय म्हणता? लाजल्या. म्हणाल्या, गुडिया बरी व्हावी म्हणून हनुमानाचं नाव. आज सुया घेऊन बसले तर वेळच कळली नाही.

मी सांगितलं नाही. तू म्हणशील भित्री. असेन. पण मी सांगितलं असतं तर माझं मन हलकं झालं असतं, आणि तिच्याकडे उरलेलं एक घर गेलं असतं.

वाढदिवस झाला. चिनहटचं रद्द केलं, हृषीला म्हटलं, बाल्कनीला ऊन आहे. तो म्हणाला, "बरं." जाता जाता म्हणाला, "आई, मावशीला सांग, कार्डावर लिहिलं की सगळे वाचतात." म्हणजे वाचलंच होतं.

आता शेवटचं. वाढदिवसाला पुऱ्या तळायला बहनजी आमच्या स्वयंपाकघरात आल्या. मी पीठ मळत होते, माझी पाठ होती. वळून बघते तर त्यांच्या हातात तो तवा. गॅसच्या मागून काढलेला. मिरच्यांचे लांब लांब काळे डाग, मधे चिकटलेली मोहरी. त्यांनी तो एकदा उजेडाकडे धरला. मग सिंकमध्ये घेतला आणि घासायला लागल्या. बराच वेळ घासला. पुसला, खुंटीला लावला. म्हणाल्या, "दीदी, यह रोटी वाला है। पूरी के लिए कड़ाही दीजिए।" आणि पुऱ्या लाटायला बसल्या.

तिला कळलं का, अक्का? मी रोज तिच्या चेहऱ्याकडे बघते. ती रोज अकरा वाजता येते, अबोलीला खीर भरवते, झाडांना टिचक्या मारते, फुलं बघून म्हणते, "अरे वाह, दीदी।" मग माझ्याकडे बघते आणि थांबते, जरा जास्तच वेळ. का, ते मला ठरवता येत नाही.

उरलेल्या मिरच्यांचं बी काढून डबीत भरलंय, वर चुन्याची पुडी ठेवलीय, बुरशी येऊ नये म्हणून. येत्या फेब्रुवारीत हेच लावणार. आईचं बी कुणाकडे सापडलं तर तुझ्याकडे ठेव, माळ्यावर नको, हवेशीर ठेव. मला पाठवू नकोस. इथे तिखट मिरची नको.

गुडघ्याला तेल लाव.

विनू